‘इस्वास ठेवाले तुनं काय जास?’

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं आवरून देते.

“माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर जळगावला. मी एका खाजगी शाळेत शिकवते. धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. बीएस्सी झाल्यापासून राज्यसेवेची तयारी करतोय, त्यातली तीन वर्षं पुण्यात. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला दोन्ही वेळा अडकला. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तो म्हणतो की आपल्याला हेच जमतं, एक शेवटचं वर्ष पुण्यात काढू द्या. आप्पांची कोरडवाहू कपाशी आहे, लागोपाठ दोन हंगाम हातात काही आलं नाही, त्यांच्याकडून आता होणार नाही. माझ्या पगारातून साठवलेले १ लाख ८० हजार एफडीत आहेत. ते तो मागतोय. पण पैशांपेक्षा त्याचा एक प्रश्न मला जास्त छळतो. दर फोनला विचारतो, ‘ताई, यंदा मी होणार यावर तुझा विश्वास आहे ना?’ मला तसं वाटत नाही. ‘हो’ म्हटलं तर ते खोटं. ‘नाही’ म्हटलं तर तो खचेल, आणि नापास झाला तर माझ्यामुळेच झाला असं मला जन्मभर वाटेल. माय म्हणते, ‘इस्वास ठेवाले तुनं काय जास? इस्वास ठेवा तं व्हई जाई.’ आमच्या ह्यांनी मोबाईलवर हिशोब मांडून दाखवला की अर्ज लाखांत, जागा काही शे, एक टक्कासुद्धा शक्यता नाही, आणि पुरावा नसताना विश्वास ठेवणं हा अडाणीपणा. श्रावणात माहेरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. त्या वेळी मी भावासाठी नवस बोलावा असं मायचं म्हणणं आहे, आणि माझी श्रद्धा नाही. विश्वास नसताना पैसे दिले तर मी भावाला फसवते का? श्रद्धा नसताना कानबाईपुढे बसले तर मायला फसवते का? ज्यावर विश्वास नाही ते करायचंच नसतं का?”

प्रिय ताई,

तुमच्या आईंचा प्रश्न मी आधी घेते, कारण घरातल्या तिघांमध्ये सगळ्यात खोल प्रश्न त्यांनी विचारला आहे. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने देवाबद्दल जवळजवळ हेच विचारलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली छापल्या गेलेल्या टिपणांत ते आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही, मग पैज म्हणून बघा, असं तो सांगतो. मानलं आणि देव असला तर अपार लाभ. मानलं आणि तो नसला तर फारसं काही गेलं नाही. मग मानायला काय हरकत?

आता असं समजा, कोणी तुम्हाला म्हणालं, ‘तापी पूर्वेकडे वाहते असं उद्या सकाळपर्यंत मनापासून माना, एक कोटी देतो.’ तुम्ही तसं बोलून दाखवाल, स्टॅम्प पेपरवर लिहून द्याल, पोरांची शपथसुद्धा घ्याल. पण मानाल का? अमळनेरहून चोपड्याला जाताना पुलावरून तुम्ही ते पाणी मावळतीकडे जाताना पाहिलं आहे. कोटी रुपयांनी त्या पाण्याची दिशा बदलत नाही आणि तुमच्या मनातली समजूतही बदलत नाही. एवढी मोठी रक्कम समोर असूनही ती तापीबद्दल काहीच सांगत नाही. फार तर ‘मला तसं मानता आलं असतं तर बरं झालं असतं’ असं वाटायला ती कारण होईल. एखादी गोष्ट खरी मानायची तर ती खरी आहे याकडे बोट दाखवणारं काहीतरी लागतं. मानल्याने फायदा होतो, हे तसं बोट दाखवत नाही.

पास्कललाही हे कळत होतं. म्हणून ज्याला श्रद्धा ठेवणं जमत नाही त्याला त्याने वागायचा सल्ला दिला: प्रार्थनेला जा, पवित्र पाणी घ्या, श्रद्धावान वागतात तसे वागत राहा, मन हळूहळू वळेल. ही वाट तुम्हालाही मोकळी आहे. रोज सकाळी स्वतःला सांगायचं, भाऊ होणारच. त्याचे गुण विचारायचे नाहीत. यजमानांचा हिशोब बघायचा नाही. सहा महिन्यांत विश्वास बसेलही. पण आईंच्या ‘काय जास?’चं उत्तर इथेच आहे. जाते ती तुमची नजर. उद्या पुण्यात तो रात्र रात्र जागत असला, जेवण सोडत असला, पुस्तकाला हात लावत नसला, तर ते ओळखणारं माणूस घरात कोण? आप्पा शेतात, आईंनी आधीच देवावर सोडलंय. त्याच्या बाबतीत डोळे उघडे ठेवणारी एक ताईच आहे, आणि आई नेमके तेच डोळे मिटायला सांगतात. प्रेमानेच सांगतात, पण तेच सांगतात.

खरं मानायचा आधार वेगळा आणि मानण्याचा फायदा वेगळा, हा फरक परदेशातून आणायची गरज नाही. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांचं, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचं, पहिलंच सूत्र सोळा पदार्थांची, म्हणजे विचारात घ्यायच्या विषयांची, यादी देतं आणि ती यादी प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन अशी सुरू होते. प्रमाण म्हणजे ज्याच्या आधारे आपण काही खरं म्हणून जाणतो ते. प्रयोजन म्हणजे ज्यासाठी माणूस काही करायला उठतो ते. दोन्ही वेगवेगळी मोजली आहेत आणि मध्ये संशयाला त्याची स्वतःची जागा दिली आहे. तुमच्या पत्रातली सगळी ओढाताण मला तरी यातूनच आलेली दिसते. आई प्रयोजन पुढे करून प्रमाणाचं काम करून घेऊ बघतात. यजमान प्रमाण पुढे करून प्रयोजनाचा निकाल लावतात. आणि तुमच्या संशयाला दोघंही बसायला जागा देत नाहीत.

तुम्ही अमळनेरच्या आहात, म्हणून एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तुमच्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ तीसच्या दशकात तिथे संचालक म्हणून येऊन राहिला होता. साने गुरुजी शाळेत शिकवायला लागण्याआधी तिथेच अभ्यासाला होते. जाणणं म्हणजे काय आणि मानायला आधार कशाला म्हणावं, यावर तिथे माणसांनी उमेदीची वर्षं घालवली. तेव्हा असले प्रश्न पडतात म्हणून स्वतःला विचित्र समजू नका. तुमच्या गावाला ते शंभर वर्षांहून जास्त काळ पडत आले आहेत.

आता यजमानांकडे वळते. त्यांच्या बाजूने बोलणारा मोठा माणूस म्हणजे विल्यम क्लिफर्ड, इंग्रज गणितज्ञ. विश्वासाच्या नीतीवर त्याने १८७७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजी मागणारं. मनात शंका येते, पण दुरुस्तीला पैसे लागतात. तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी केल्या, हीही पार पडेल. आपलं जहाज सुरक्षित आहे असं त्याला खरोखर वाटू लागतं. देश सोडून निघालेली कुटुंबं घेऊन जहाज सुटतं, समुद्रात बुडतं, आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास प्रामाणिक होता, तरी तो दोषीच, कारण समोर जो पुरावा होता त्यावर असा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. कुठेही, केव्हाही, कोणीही अपुऱ्या पुराव्यावर काही मानणं चूक, इथपर्यंत तो जातो.

मला त्याचं बरंचसं पटतं. पण तुमच्या यजमानांना मी दोन गोष्टी सुनावीन. पहिली त्यांच्या हिशोबाबद्दल. लाखांत अर्ज, काही शे जागा, हे बरोबर. पण त्या लाखांत फॉर्म भरून परीक्षेलाच न गेलेले आहेत, मित्राने भरला म्हणून भरलेले आहेत, पहिल्यांदाच बसलेले आहेत. तुमचा भाऊ दोनदा त्या गर्दीतून वर आलेला आहे. त्याची तुलना मुख्य परीक्षेला बसणाऱ्यांशी करायला हवी आणि तिथे शक्यता एक टक्क्यापेक्षा बरीच वर जाते. तरीही ती निम्म्याच्या खूप खाली राहते हे खरं, आणि तुमचा ‘वाटत नाही’ हा अंदाज चुकीचा नाही. शिवाय त्याचे मागचे गुण बहुतांशी बहुपर्यायी मुख्य परीक्षेचे आहेत. २०२५ पासून ती यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. लिहून उत्तर देण्यात तो कसा आहे, याचा पुरावा ना यजमानांकडे आहे, ना आईंकडे, ना खुद्द भावाकडे. ‘आपल्याला हेच जमतं’ असं तो कशावरून म्हणतो? पुरावा ही फक्त मागे वळून बघायची गोष्ट नाही, तो मिळवताही येतो. त्याला दोन महिने घरी बसून रोज उत्तरं लिहू द्या, आणि ती अशा कोणाकडून तरी तपासून घ्या ज्याला त्याचं मन राखायचं नाही. त्यातून मिळणारा अंदाज तुमच्या आजच्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगला असेल, मग तो कुठल्याही बाजूला झुकू दे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. शक्यता कमी आहे एवढ्यावरून पैसे देऊ नयेत हे ठरत नाही. मधली एक पायरी यजमानांनी गाळली. आठव्या शतकातल्या कमलशीलाने आणि त्याच्या काळच्या बौद्ध आचार्यांनी विचारी माणूस कृतीला कसा लागतो याची चर्चा केली आहे. त्यांचं म्हणणं असं की निश्चय झाल्यावरच माणूस हलतो असं काही नाही, फळाबद्दल संशय असतानाही शहाणी माणसं कामाला लागतात. आणि दाखला दिला आहे तो शेतकऱ्याचा. पीक येईलच हे त्याला माहीत नसतं, तरी तो पेरतो. हे वाचताना मला आपल्याकडची कोरडवाहू कपाशी दिसते. आप्पांना विचारा, जूनमध्ये सरकी टोबताना यंदा पिकेल असा विश्वास होता का? बहुतेक सांगतील, नव्हता. पाऊस दडी मारेल, दुबार पेरणी येईल, बोंडअळी येईल, भाव पडेल, हे सगळं डोळ्यांपुढे असताना त्यांनी टोबली. ते स्वतःला फसवत नव्हते आणि जमिनीलाही फसवत नव्हते. पेरायला त्यांच्याकडे कारणं होती. पिकेलच असं मानायला नव्हती. मागची दोन वर्षं पीक बुडालं म्हणून त्यांचं पेरणं अडाणीपणाचं ठरत नाही, आणि उद्या भरघोस आलं म्हणून ‘मला आधीच माहीत होतं’ असं म्हणायचा हक्कही त्यांना मिळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. ज्यावर विश्वास नाही ते करता येतं, पुष्कळदा करावंही लागतं. तुम्ही पैसे दिलेत तर ते ‘तो होणार’ म्हणून देऊ नका. दोनदा मुख्यपर्यंत पोहोचलेल्या पोराला बदललेल्या परीक्षेची एक खरी संधी मिळावी, एवढी रक्कम गेली तरी तुमचं घर हलणार नाही, आणि तो तुमचा भाऊ आहे, ही कारणं आहेत आणि ती पुरेशी आहेत. यातलं एकही कारण त्याच्या निकालावर टेकलेलं नाही. म्हणून यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होईल जेव्हा तुम्ही ही कारणं लपवून ‘मला खात्री आहे’ असं त्याला सांगाल.

पण मग त्याच्या प्रश्नाचं काय? इथे आईंच्या बोलण्यातला खरा भाग त्यांना द्यायला हवा, कारण ‘इस्वास ठेवा तं व्हई जाई’ हे नुसतं भाबडं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने क्लिफर्डला उत्तर म्हणून १८९६ मध्ये एक व्याख्यान दिलं. काही गोष्टी अशा असतात, असं तो म्हणाला, की त्या घडाव्यात म्हणूनच आधी विश्वास लागतो. त्याचं एक आवडतं उदाहरण डोंगरात अडकलेल्या माणसाचं आहे. समोर दरी, सुटकेला उडी हा एकच मार्ग. जमेल असं मानून उडी मारली तर पाय नेटाने उचलला जातो. शंका घेत, थरथरत मारली तर तो खाली जातो. इथे विश्वास स्वतःच स्वतःला खरं करायला हातभार लावतो, आणि आधी पुरावा दाखव म्हणणं निरर्थक होतं.

मला हे मान्य आहे. पण उडी मारणारा कोण, ते बघा. पाय तुमच्या भावाचे आहेत. त्याने ‘मला जमेल’ असं मानून अभ्यासाला बसणं आणि तुम्ही जळगावला बसून ‘त्याला जमेल’ असं मानणं, या दोन गोष्टी एक नाहीत. त्याच्या हाती काहीतरी आहे. तुमच्या हाती त्यातलं काही नाही, म्हणून तुम्हाला तो आधार वापरता येत नाही, आणि तुम्हाला खात्री वाटत नाही हा तुमचा गुन्हाही नाही. तुम्ही म्हणाल, माझ्या शब्दाने त्याला बळ येतं ना! येतं. जेम्सनेही म्हटलं आहे की समोरच्यावर आधी विश्वास टाकावा तेव्हाच मैत्री जुळते. पण भावाला बळ तुमच्या मनातल्या टक्केवारीने येत नाही. ती त्याला दिसतही नाही. त्याला दिसतं ते तुमचं वागणं: फोन उचलणं, पेपर कसा गेला हे न टोचता विचारणं, घरात त्याची बाजू घेणं. ते सगळं तुम्ही मनापासून, काहीही खोटं न बोलता करू शकता.

त्याच्या प्रश्नाचे दोन तुकडे करा, एवढंच मी सुचवीन. ‘मी होणार’ यात एक भाग त्याच्या हातातला आहे: तो वर्षभर बसेल, लिहील, सांगितलेलं ऐकेल. दुसरा भाग जागांचा, पेपरचा, तपासणाऱ्याचा, बाकीच्या हजारोंचा आहे. पहिल्या भागाबद्दल त्याने तुम्हाला शब्द द्यावा आणि तुम्ही तो घ्यावा. आपल्या माणसाने शब्द दिला की आपण त्याच्या मागच्या चुकांची सरासरी काढत बसत नाही, त्याला शब्दाचा धनी समजतो. तिथे ‘बसशील असा माझा भरवसा आहे’ हे तुम्हाला खरं म्हणता येईल, अर्थात तसं वाटत असलं तर. दुसऱ्या भागाबद्दल खरं सांगा. तुमच्या जागी मी असते तर साधारण असं बोलले असते: “भाऊ, तू होशील का हे मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. अवघड आहे. तू झाला नाहीस तर माझ्या नजरेतून उतरणार नाहीस आणि हे पैसे मी कधी काढून दाखवणार नाही. तू बसणार आहेस ना? मग मी तुझ्यामागे आहे.” हे ऐकून तो खचेल असं तुम्हाला वाटतं, मला वाटत नाही. दर फोनला तोच प्रश्न विचारणारा पोरगा आतून घाबरलेला असतो. नापास झालो तर ताईला काय तोंड दाखवू, ही भीती खोट्या ‘हो’ने वाढते, कमी होत नाही. आणि उद्या तो राहिलाच, तर तुमच्या न वाटलेल्या विश्वासाचं ओझं तुम्ही घेऊ नका. त्याच्या उत्तरपत्रिकेत तुमची शंका कुठेच लिहिलेली नसेल.

कानबाईचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्ही समजता तेवढा गुंता नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर जागरण आणि गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत पाण्याला जाते, रोट सगळे भाऊबंद मिळून खातात. यात बसायला, दळायला, गायला, आईच्या शेजारी रात्र जागायला तुमच्याकडे ढीगभर कारणं आहेत आणि एकालाही देवी असण्या-नसण्याचा पुरावा लागत नाही. मांडीला मांडी लावून बसलेल्यांपैकी प्रत्येकीच्या मनात काय आहे हे कोणी तपासत नाही आणि तपासूही नये. तेव्हा जा. नवसाचं मात्र वेगळं. नवस म्हणजे समोर कोणीतरी ऐकणारं आहे असं धरून दिलेलं वचन. ते तोंडाने बोलायचं आणि मनात नाही म्हणायचं, हे तुम्हाला आत कुठेतरी लागत राहील, आणि आईंच्या श्रद्धेचाही तो मान नव्हे. त्यांना सांगा, नवस तू बोल, फेडायला लागेल ते काम मी करते. बहुतेक माउल्यांना एवढं पुरतं.

पैशांबद्दल आता स्पष्ट सांगते. एफडी पूर्ण मोडू नका. दोन महिन्यांची उत्तरं तपासून आल्यावर ती बरी असतील तर निम्म्यापर्यंत जायला हरकत नाही, तेही दरमहा, पूर्व परीक्षेचा निकाल लागेपर्यंत. देणगी म्हणून द्या. उसने म्हणून दिलेत तर पास होणं ही त्याची परतफेड होऊन बसेल. पूर्व निघाली नाही तर काय, हे आत्ता, डोकं थंड असताना दोघांनी मिळून ठरवा. बीएड असो, सरळसेवा भरती असो, शेतात काही वेगळं करणं असो, पण तारखेसकट ठरवा. आणि एक सांभाळा: पैसे दिल्यावर तुमचं मन हळूहळू त्याच्या बाजूने झुकू लागेल. इतके घातले म्हणजे तो होणारच, असं वाटायला लागेल. तो क्लिफर्डच्या जहाजमालकाचा रस्ता आहे. तेव्हा त्या तपासलेल्या उत्तरांकडे बघा, पासबुकाकडे बघू नका.

राहिली एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्रेगरी कावका नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८३ मध्ये एक कोडं घातलं होतं. एक श्रीमंत माणूस तुमच्यापुढे विष ठेवतो. प्यायलात तर दिवसभर वाईट हाल होतील, पण जिवाला किंवा पुढच्या आयुष्याला काही धोका नाही. तो म्हणतो, उद्या दुपारी हे प्यायचा पक्का निश्चय तुम्ही आज मध्यरात्री केलेला असेल तर दहा लाख डॉलर देतो. प्रत्यक्षात प्यायची अट नाही. सकाळी पैसे खात्यात जमा, मग वाटलं तर मन बदला. सोपं वाटतं, पण करून बघा. उद्या दुपारी विष प्यायला काहीच कारण उरणार नाही हे आज रात्री माहीत असताना ‘मी पिणारच’ असा खरा निश्चय होतच नाही. तापीबद्दल जे झालं तेच इथेही झालं. बक्षीस निश्चयाला लावलं आहे, निश्चयाला मात्र त्या कृतीचंच कारण हवं.

तुमचा भाऊ ‘मी यंदा होणारच’ म्हणतो, तेव्हा तो निश्चय कशावर उभा आहे हे बघायला हवं. पुण्याला परत जाता यावं, घरी तोंड दाखवावं लागू नये, ताईकडून पैसे मिळावेत, अशा गोष्टींवर असेल तर त्या मिळताच तो संपेल. यात त्याची लबाडी असेलच असं नाही. त्याला स्वतःलाही ते कळलेलं नसेल. त्या नोकरीतल्या कामावर, त्याला मनापासून करावंशा वाटणाऱ्या एखाद्या गोष्टीवर असेल, तर पैसे मिळाल्यावरही टिकेल. तेव्हा त्याला एकटं गाठून विचारा, ही परीक्षा तुला का द्यायची आहे, आणि झालास तर रोज सकाळी उठून काय करायला आवडेल. पटकन काही सांगितलं तर थांबा, पुन्हा विचारा. आणि हे पैसे देण्याच्या आधी विचारा. तुम्ही देणार की नाही हे त्याला अजून कळलेलं नसताना, आणि काय उत्तर दिलं तर मिळतील याचा त्याला अंदाज येणार नाही अशा बेताने.